नेहमीचंच, पण इंग्रजीतून

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत मी बरीच वर्षं क्वालिटीची कागदपत्रं सांभाळली. हायड्रो टेस्टचा रिपोर्ट, मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट, पॅकिंग लिस्ट हे सगळं इंग्रजीतच असतं, पण ते इंग्रजी मला कधी जड गेलं नाही. शाळा मराठी माध्यमाची असली तरी सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी. इंग्रजीतूनच झालं होतं. शिवाय कारखान्याच्या इंग्रजीत शब्द ठरलेले असतात. 'लीकेज निल' म्हणजे लीकेज निल, त्यात मान-अपमान नसतो. मग माझी एक्स्पोर्टला बदली झाली, इंग्लंडच्या गिऱ्हाइकांच्या फाइली माझ्या टेबलावर आल्या आणि दर शुक्रवारी दुपारी व्हिडिओ कॉल सुरू झाला.

कॉलवर व्हॉल्व्हबद्दल बोलणं निम्म्याहून कमी. बाकी हवा, रेल्वेचा संप, बंदरातली गर्दी आणि मधेमधे पेरलेली छोटी छोटी वाक्यं, ज्यांचा सगळ्यांचा अर्थ शेवटी एकच निघतो: हे असंच असतं. हे 'असंच असतं' सांगायला इंग्रजांकडे इतके प्रकार आहेत हे मला माहीतच नव्हतं.

सुरुवात झाली ती एका अडकलेल्या कंटेनरवरून. न्हावा शेवाला आमचा माल पडून राहिला, मी दिलगिरीची मेल लिहिली, आणि पलीकडून एका ओळीचं उत्तर आलं: 'पार फॉर द कोर्स, आय ॲम अफ्रेड.' साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. साहेब गुजराती. "बेन, आ भाई गुस्सामां छे?" मी फोनवर अर्थ शोधला, तर 'नॉर्मल, अपेक्षित' एवढंच. पण मग पुढे 'अफ्रेड' कशाला? हा माणूस आपल्याला माफ करतोय, की तुमच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती म्हणतोय?

आमच्या दांडिया बाजारात मागच्या गल्लीत इंग्रजीचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी पर्समधलं चेकबुक काढायला लावलं. "बघ गं, काय छापलंय?" पेएबल ॲट पार. हे आयुष्यभर बघत आलेय, वाचलं कधीच नव्हतं. पार म्हणजे बरोबरीचं, लॅटिनमधून आलेला शब्द. चेकवर लिहिलेली रक्कम पूर्ण मिळेल, मधे कात्री लागणार नाही. शेअर बाजारातून हा शब्द गोल्फमध्ये गेला. १८७० साली स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकच्या मैदानावर ओपन स्पर्धेच्या वेळी दोन खेळाडूंना कोणी तरी विचारलं, की चूक न करता खेळलं तर इथे किती फटके लागावेत? बारा होलच्या, म्हणजे चेंडू घालायच्या बारा खळग्यांच्या, मैदानाला एकोणपन्नास, असं उत्तर आलं. हाच त्या मैदानाचा पार, आणि कोर्स म्हणजे गोल्फचं मैदान. स्पर्धा त्या मैदानाच्या तीन फेऱ्यांची, म्हणजे पार १४७. त्या वर्षी यंग टॉम मॉरिस जिंकला तो १४९ फटक्यांत, म्हणजे पारपेक्षा दोनच जास्त.

गोल्फ मी कधी पाहिलेला नाही. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात मैदान आहे, पण आमचा संबंध भिंतीबाहेरून मोर ओरडताना ऐकण्यापुरता. यांचे एक मित्र तिथे खेळायला जातात, त्यांच्याकडून एक वापरलेलं स्कोअरकार्ड मागून आणलं. पोस्टकार्डाहून थोडा मोठा, दुमडलेला जाड कागद. डावीकडे होलचा नंबर, मग अंतर यार्डांत, मग पार, आणि पुढे रिकामे चौकोन. पारच्या रांगेत तीन, चार, पाच यांच्यापलीकडचा आकडा नाही. रिकाम्या चौकोनांत मात्र त्यांनी पेन्सिलीने चारसमोर सात, पाचसमोर आठ असं भरलेलं. "वहिनी, माझा पार सातच धरा," ते हसत म्हणाले. आणि मला वाटतं, तिथेच मला तो वाक्प्रचार कळला. मैदानाचा पार उत्तम खेळाडूचा असतो. बोलण्यातला पार ज्याच्याकडून जेवढी अपेक्षा तेवढा. बंदराकडून उशिराचीच अपेक्षा, म्हणून उशीर हाच पार. राग असलाच तर तो बंदरावर होता, आमच्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते एका क्षणात म्हणाले, "एटले, एवुं तो चाल्या करे, एम ने?" एमज. आणि मराठीत चालायचंच.

गंमत अशी की क्रिकेटमध्ये आपण हा पार रोज ऐकतो. या पिचवर एकशे सत्तर पार स्कोअर आहे, डकवर्थ-लुईसप्रमाणे पार स्कोअर इतका. बडोद्यात रिक्षावालासुद्धा हे बोलतो. पण त्यातून 'बिलो पार'चा घोळ सुटत नाही. गोल्फमध्ये पारच्या खाली जाणं म्हणजे कौतुक, फटके कमी लागले. बोलताना मात्र 'आय ॲम फीलिंग बिलो पार' म्हणजे बरं वाटत नाही, अंग मोडून आलंय. आणि 'नॉट अप टू पार' आपल्या मालाबद्दल आलं, की खुर्चीत सरळ बसायचं. त्याचा अर्थ माल दर्जाला उतरलेला नाही. तेव्हा मूळ कुठलं हे कळणं मजेचं असलं तरी त्यावर विसंबून अर्थ लावायला जाऊ नये, हे माझं मत तेव्हापासून पक्कं झालं.

मग एक वही केली. सुरुवातीला फोनवरच्या याद्यांमधून उतरवत गेले: वाक्प्रचार, अर्थ, उदाहरण. या याद्यांचा काडीचा उपयोग नाही. दहा वाक्प्रचारांसमोर अर्थ एकच, 'सामान्य'. कोण कोणाला म्हणतो, ते कुठेच नाही, आणि खरी मेख तिथे आहे. पाहुण्याच्या हातून चहाचा कप सांडला तर घरची बाई म्हणते, "असू दे हो, चालायचंच." पाहुण्यानं स्वतःच कप सांडून "चालायचंच" म्हटलं, तर पुन्हा त्या घरी चहा मिळणार नाही. पार फॉर द कोर्सचं तसंच आहे. ज्याला सोसावं लागलं त्यानं म्हणायचं. आमच्या पॅकिंगमध्ये खोट निघाली आणि मीच 'पार फॉर द कोर्स' लिहिलं, तर तो शुद्ध उद्धटपणा. म्हणून वहीत अर्थाचा रकाना काढून टाकला आणि 'कोण म्हणतो' असा रकाना घातला. तिसऱ्या रकान्यात आपलं मराठी, जे त्याच माणसाच्या तोंडी शोभेल असं. ते मिळालं नाही तर रकाना कोरा ठेवायचा.

सरांना हा प्रकार आवडला. सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' काढवला होता, कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, फारसी, उर्दू असे पर्याय देणारा. सर म्हणाले, महाराजांनी दरबाराची सोय केली, शुक्रवारच्या कॉलची राहून गेली, ती तू कर.

रन ऑफ द मिल मात्र मला घरातच मिळालं. बाजूच्या टेबलावरच्या मुलानं एका नव्या गिऱ्हाइकासाठी मसुदा केला होता, त्यात आमच्या नेहमी स्टॉकमध्ये असणाऱ्या व्हॉल्व्हना 'अवर रन ऑफ द मिल व्हॉल्व्ह्ज' म्हटलेलं. त्याचा हेतू चांगला, नेहमीचा माल, लगेच मिळणारा. मेल जायची होती, थांबवली. माझे अण्णा, म्हणजे वडिलांचे काका, बडोद्यातल्या एका कापड गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. गिरणी कधीच बंद पडली, अण्णांची बोटं अजून पडद्याचं कापड चाचपतात. त्यांना विचारलं, "अण्णा, मागावरून उतरलेलं कापड थेट विकायचे का हो?" अण्णा म्हणाले, "थेट कसं विकणार? आधी टेबलावर घ्यायचं." मग त्यांनी हातानं दाखवलं. ताका टेबलावर उलगडत न्यायचा, तळहात कापडावर सपाट, डोळे पुढे. तुटलेला ताणा बोटाला आधी लागतो, डोळ्याला नंतर दिसतो. गाठ, तेलाचा डाग, बाण्यातली फट, जिथे दिसेल तिथे कडेला दोरा अडकवायचा. शेवटी दोरे मोजायचे. त्यावरून फ्रेश, सेकंड्स, फेंट, रॅग, चिंधी अशी वाटणी. फ्रेश बाजारात जायचं, चिंधी वजनावर.

रन ऑफ द मिल म्हणजे ही वाटणी व्हायच्या आधीचा ढीग. गिरणीतून जसा बाहेर पडला तसा, न निवडलेला. आपल्या तपासून, दाबाची परीक्षा देऊन, शिक्का मारून निघालेल्या व्हॉल्व्हला तो शब्द लावायचा म्हणजे अण्णांच्या टेबलावरची सगळी मेहनत पुसून टाकायची. आजच्या बोलण्यात त्याचा अर्थ सरधोपट, चारचौघांसारखं, ज्यात सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्याच्या मालाबद्दल खासगीत म्हणावं, स्वतःच्या मालाबद्दल विकताना म्हणू नये. मुलाला 'स्टँडर्ड रेंज' लिहायला सांगितलं. साधा, कंटाळवाणा आणि बिनधोक शब्द.

याच जातीची बरीच मंडळी आहेत आणि त्यांच्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. बॉग स्टँडर्ड अस्सल ब्रिटिश. अर्थ साधंसुधं, वर काही सजावट नाही. बोलण्यात ठीक, लिहिण्यात नको, कारण त्याच बॉगचा इंग्लंडमधल्या बोलीत अर्थ संडास असाही आहे. कॉमन ऑर गार्डन ब्रिटिश, त्याचंच अमेरिकन भावंड गार्डन व्हरायटी. प्लेन व्हॅनिला सॉफ्टवेअरवाले आणि बँकवाले वापरतात. नथिंग टू राइट होम अबाउट म्हणजे पत्रात कळवण्यासारखं काही नाही. तिसऱ्या रकान्यात मी 'त्यात काय मोठंसं' लिहिलं आहे, अजून चांगलं सुचलेलं नाही.

पैशाचा संबंध आला तो ॲज अ रूलमध्ये. गिऱ्हाइकाच्या खरेदीवाल्यानं लिहिलं होतं, ॲज अ रूल आम्ही बाहेरचा इन्स्पेक्टर पाठवत नाही. प्रॉडक्शनवाले खूश. त्यांचा नियमच आहे म्हणतात, तर कोटेशनमधून इन्स्पेक्शनचा खर्च काढून टाका. मी काढू दिला नाही, 'मागितल्यास वेगळा' म्हणून खाली ठेवला. कारण ॲज अ रूलमधला रूल नियम नव्हेच, तो 'सहसा' आहे. आणि 'सहसा'मध्ये अपवादाची खिडकी उघडी असते. पुढच्याच ऑर्डरला त्या खिडकीतून इन्स्पेक्टर आला आणि ती ओळ कामाला आली.

सपोज्ड टू तर त्याहून आतल्या गाठीचा. 'द पॅकिंग वॉज सपोज्ड टू बी सीवर्दी' हे वाक्य दिसायला किती शांत आहे बघा. पॅकिंग समुद्रप्रवासाला टिकणारं असायचं ठरलं होतं. पुढचं त्यानं लिहिलेलं नाही, ते आपण वाचायचं: ठरलं होतं, पण तसं नाहीये, फोटो मागून येताहेत. भूतकाळातला सपोज्ड टू दिसला की मी क्लेमची फाइल उघडते. तोच वर्तमानकाळात आला तर निरुपद्रवी असू शकतो. 'इट इज सपोज्ड टू बी गुड' म्हणजे चांगलं आहे म्हणे. आपला 'म्हणे' इतका नेमका बसलेला पाहून सर स्वतः वही घेऊन ते वाक्य वाचत बसले.

ऑगस्ट २०२४च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. बडोद्याच्या माणसाला तो आठवडा वेगळा सांगायला नको. अकोट्यात, समामध्ये तळमजले पाण्यात, वीज नाही, आणि पाण्याबरोबर नदीतल्या मगरी वस्तीत. शुक्रवारचा कॉल मी मोबाइलच्या उरलेल्या चार्जिंगवर केला. पलीकडच्यांनी पूर पाहिलाच होता, पण त्याहून जास्त त्यांनी छपरावर चढलेल्या मगरीचा व्हिडिओ पाहिला होता. त्यांच्यातल्या एकानं दबकत विचारलं, मगर रस्त्यावर येणं हे तुमच्याकडे, म्हणजे, पार फॉर द कोर्स? आता खरं सांगायचं तर पूर इतका मोठा नेहमी येत नाही, पण मगर? दर पावसाळ्यात कुणाच्या तरी अंगणात, कुणाच्या तरी शाळेच्या मागे मगर निघते, प्राणी वाचवणारी पोरं येतात, तिला बांधतात, वनखात्याकडे देतात. पेपरात आतल्या पानावर बातमी. साहेबांनी माझ्या वहीतून हल्लीच उचललेलं वाक्य टाकलं: 'कम्स विथ द टेरिटरी.' म्हणजे या जागेत राहायचं तर हे सोबत येणारच. मगरींच्या बाबतीत ते इतकं शब्दशः खरं होतं की पलीकडचे सगळे हसले. माझ्या वहीत त्यासमोर 'पाचवीला पुजलेलं' आहे.

पाणी ओसरल्यावर सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र पाठवायचं ठरलं आणि साहेबांच्या मनात मथळा होता 'बिझनेस ॲज युजुअल'. यावर आमची बरीच चर्चा झाली. १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये, महायुद्ध सुरू होऊन काही महिने झालेले असताना, चर्चिल यांनी लंडनच्या भाषणात हे ब्रिटिशांचं ब्रीद म्हणून सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडून काचा फुटलेल्या दुकानांवरही हीच पाटी लागायची. तेव्हा पूर आलेल्या शहरातून लिहायला शब्द शोभणारा आहे, साहेबांचं चूक नव्हतं. पण त्याला दुसरीही धार आहे. हवामानबदलावर बोलणारे बिझनेस ॲज युजुअल म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं, काही न शिकता मागचंच पुढे चालू. मराठीत मला त्यासाठी दोन वेगळे शब्दप्रयोग सापडले. एक गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवरचं 'सालाबादप्रमाणे', ते अभिमानाचं. दुसरं 'ये रे माझ्या मागल्या', ते कपाळाला हात लावून म्हणायचं. इंग्रजी वाक्य दोन्हीकडे चालतं, ऐकणारा त्याच्या मनानं घेतो. आमच्या कारखान्यात जनरेटरवर निम्मीच मशिनं चालत होती, तेव्हा आम्ही मथळा 'डिस्पॅचेस हॅव रिझ्यूम्ड' केला. साहेब थोडे खट्टू झाले.

पुढे गणपतीच्या दिवसांत इन्स्पेक्टर प्रत्यक्ष बडोद्याला आला, माल तपासायला. मी त्याला घरी आरतीला बोलावलं, तर त्यानं आधी फोन करून विचारलं, बूट कुठे काढायचे आणि रिकाम्या हातानं न येणं 'इज इट द डन थिंग?' म्हणजे तुमच्याकडे तशी रीत आहे का. मला हा प्रश्न फार आवडला. नियम विचारला नाही, सक्ती विचारली नाही, रीत विचारली. मी म्हटलं रीत आहे, पण तुम्हाला सूट आहे. तरी तो पेढे घेऊन आला, आणि आरतीला टाळ्या आमच्या पुतण्यापेक्षा बऱ्या तालात वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला सेव-उसळ खायला नेलं. तिचा तिखट रस्सा, म्हणजे 'तरी', वेगळ्या वाटीत. तो घामाघूम, नाक लाल, आणि म्हणाला, "नॉट बॅड ॲट ऑल." साहेबांचा चेहरा पडला. मी त्यांना गुजरातीत हळूच सांगितलं, बहु सरस कहे छे. खरंच, इंग्रज माणसाचं 'वाईट नाही' आपल्या 'झक्कास'च्या शेजारी बसतं आणि त्याचं 'क्वाइट गुड' 'ठीक आहे'च्या शेजारी. हे वहीत मी लाल शाईनं लिहिलं आहे, कारण इथे सगळा हिशेब उलटा होतो. मात्र पुन्हा 'तरी' मागताना त्यानं वाटी स्वतः पुढे केली, तेव्हा साहेबांना भाषांतराची गरज उरली नाही.

त्याचा इन्स्पेक्शन रिपोर्ट आला. पानभर आकडे आणि शेवटी शेऱ्याच्या चौकोनात एवढंच: नथिंग आऊट ऑफ द ऑर्डिनरी.

साहेबांनी तो चौकोन परत परत वाचला. "एटले खास नथी?"

"साहेब," मी म्हटलं, "पेमेंट सुटेल."